दुरुस्त गाडीची उतरलेली किंमत कोणी भरून द्यायची? इर्डाला खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व सदस्य,
भारतीय विमा नियामक आणि विकास प्राधिकरण (इर्डा),
हैदराबाद.

विषय: दुसऱ्याच्या चुकीने अपघात झालेल्या गाडीची बाजारात उतरणारी किंमत थर्ड पार्टी विम्यातून मिळण्याबाबत.

महोदय,

कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझं डेंटिंग-पेंटिंगचं वर्कशॉप आहे. पुणे-बंगळुरू हायवेवर कागलपासून पेठनाक्यापर्यंत ठोकलेल्या गाड्यांपैकी बऱ्याच आमच्या भागातल्या शेडमध्ये येतात. एस्टिमेट, सर्व्हेअर (विम्यासाठी नुकसान तपासणारा), कॅशलेसची मंजुरी, सॅल्व्हेज हा माझा रोजचा व्यवहार आहे. विमा कंपन्यांशी माझं भांडण नाही, माझ्या धंद्याचा मोठा भाग त्यांच्याच कामावर चालतो. तरीही हे पत्र लिहितोय, कारण अपघातानंतर गाडीमालकाचं एक नुकसान असं होतं की त्याला कुठल्याच फायलीत रकाना नाही. गाडी दुरुस्त होते, बिल भागतं, क्लेम बंद होतो आणि गाडीची किंमत मात्र उतरलेलीच राहते.

गडहिंग्लजच्या एका शिक्षिकेचं उदाहरण देतो. दोन वर्षांची हॅचबॅक. तावडे हॉटेलच्या चौकात गाडी थांबलेली असताना मागून टेम्पो येऊन धडकला. बाईंची काडीचीही चूक नव्हती, टेम्पोवाल्यानंही ते तिथल्या तिथं कबूल केलं. डिकीचा दरवाजा, मागचं पॅनल आणि डिकीचा फ्लोअर गेला, उजवा क्वार्टर पॅनल, म्हणजे मागच्या चाकावरचा बॉडीचा पत्रा, कापून नवा वेल्डिंग करावा लागला. बाईंची पॉलिसी झीरो डेप, म्हणजे पार्टचा घसारा न कापणारी होती, त्यामुळे बिलातलं बहुतेक सगळं त्यांच्या कंपनीनं भरलं. हजार रुपये सक्तीची वजावट, ज्याला आम्ही फाइल चार्ज म्हणतो, ती त्यांच्या खिशातून गेली. वीस टक्के नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दलची प्रीमियममधली सूट, पुढच्या नूतनीकरणात शून्यावर आला. चूक टेम्पोवाल्याची आणि बोनस बाईंचा गेला, हेही पटण्यासारखं नाही. पण खरा फटका नंतर बसला.

त्यांची बदली झाली आणि गाडी विकायची ठरली. जुन्या गाड्या घेणाऱ्या एका कंपनीचा तपासनीस आला, तेव्हा बाईंनी मलाही बोलावून घेतलं होतं. त्या पोरानं खिशातून रंगाची जाडी मोजणारा पेंट मीटर काढला आणि बॉनेटपासून सुरुवात केली. शंभर, एकशे दहा, एकशे पंधरा मायक्रॉन. हा कारखान्याचा रंग. दरवाजेही तसेच. उजव्या क्वार्टरवर मीटर टेकवला आणि आकडा चारशेच्या पुढं गेला. मग त्यानं डिकीतली मॅट उचलली, स्टेपनी बाहेर काढली आणि मोबाइलच्या टॉर्चनं फ्लोअरच्या कडेचा सीलर, म्हणजे पत्र्याच्या सांध्यात भरलेला मसाला, बघितला. कारखान्यात रोबोटनं मारलेला सीलर एका रेषेत, एका जाडीचा असतो. हातानं मारलेला कितीही निगुतीनं मारा, वळणावर जाड-बारीक होतोच. त्यानं डिकीच्या बिजागरीच्या बोल्टवरून नख फिरवलं. बोल्टच्या कोपऱ्यावरचा रंग पान्यानं निघालेला होता. “ताई, काम एक नंबर झालंय,” तो म्हणाला, “पण क्वार्टर कापलाय. ॲक्सिडेंटलमध्ये धरावी लागेल.” त्याच मॉडेलच्या, त्याच वर्षाच्या, तेवढ्याच चाललेल्या गाडीला जो भाव होता, त्यापेक्षा ऐंशी हजारांनी कमी भाव त्यानं दिला. आणखी दोन ठिकाणी विचारलं, आकडे थोडे इकडेतिकडे झाले, पण चित्र तेच राहिलं.

बाईंनी मला विचारलं, “क्लेम तर पास झाला होता, मग हे ऐंशी हजार कुणामुळं गेले?”

तपासनीस चुकीचं बोलत नव्हता. आम्ही कितीही चांगलं काम केलं तरी कापून जोडलेली बॉडी आणि कारखान्यातून एकसंध आलेली बॉडी यात फरक राहतो. कारखान्यात अख्खी बॉडी गंजरोधक द्रावणाच्या टाकीत बुडवून काढतात, त्यामुळे पोकळ भागांत आतूनही थर बसतो. आमच्याकडे तो थर फवारून द्यावा लागतो आणि प्रत्येक कोपऱ्यात नळी पोचत नाही. आमच्या भागातला पावसाळा काही वर्षांत ते दाखवून देतो. आजकालच्या गाड्यांचे पिलर (छत पेलणारे खांब) आणि पुढचे मेंबर (सांगाड्याचे दांडे) जास्त ताकदीच्या पोलादाचे असतात, ते तापवून सरळ केले की त्यांची ताकद जाते, म्हणून ते बदलावेच लागतात. हे सगळं जिथं नीट झालंय तिथंही गिऱ्हाइकाला ते बाहेरून दिसत नाही. त्याला एवढंच कळतं की या गाडीला लागलं होतं, आणि त्या शंकेचे पैसे तो कापून घेतो. जाहिराती बघा, ‘सिंगल ओनर, नॉन-ॲक्सिडेंटल’ हे दोन शब्द किमतीच्याही आधी लिहिलेले असतात. म्हणजे या फरकाला बाजारात रोज भाव लागतो. हे नुकसान काल्पनिक असतं तर कुणी जाहिरातीत ते लिहिलं नसतं.

आता विम्याकडे येतो. स्वतःच्या गाडीच्या पॉलिसीत, म्हणजे ओन डॅमेजमध्ये, परिणामी नुकसान (अपघातामुळे मागाहून होणारं नुकसान), घसारा आणि झीज वगळलेली आहे. २००२ च्या मोटार टॅरिफपासून तीच भाषा चालत आलीय आणि आजही पॉलिसीच्या पहिल्या भागात ती जवळपास तशीच छापलेली असते. म्हणून बाईंच्या कंपनीनं उतरलेली किंमत दिली नाही याबद्दल मी तिला दोष देत नाही. तो करारच तसा आहे.

टेम्पोवाल्याच्या विम्याची गोष्ट मात्र वेगळी आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १४६ नुसार थर्ड पार्टी विम्याशिवाय गाडी रस्त्यावर आणता येत नाही. हा विमा गाडीवाल्याच्या सोयीसाठी काढायला लावलेला नाही, त्याच्यामुळे ज्याचं नुकसान होईल त्याच्यासाठी आहे. त्यात माणसाच्या जिवाबरोबर तिसऱ्या व्यक्तीच्या मालमत्तेचं नुकसानही येतं. खासगी मोटार आणि व्यावसायिक वाहनांच्या पॉलिसीत ही मर्यादा साधारणपणे साडेसात लाख रुपये असते, दुचाकीला एक लाख. कलम १६५ नं मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाला मालमत्तेच्या नुकसानीचे दावे ऐकायचा अधिकार दिलाय. कलम १६६ नं मालमत्तेच्या मालकाला अर्ज करायचा हक्क दिलाय. कलम १६८ म्हणतं की न्यायाधिकरणाला न्याय्य वाटेल ती भरपाई द्यावी. यात कुठंही असं लिहिलेलं नाही की मालमत्तेचं नुकसान म्हणजे फक्त दुरुस्तीचं बिल. पॉलिसीच्या पहिल्या भागातली ‘परिणामी नुकसान’ ही वगळणूक टेम्पोवाला आणि त्याची कंपनी यांच्यातली आहे. ती रस्त्यात उभ्या असलेल्या बाईंना कशी लागू होईल?

तरीही प्रत्यक्षात काय घडतं ते बघा. बाईंनी टेम्पोच्या विमा कंपनीला पत्र पाठवलं. दोन ओळींचं उत्तर आलं: आपल्या वाहनाचा दावा आपल्या कंपनीनं निकाली काढला आहे, सबब आमच्याकडून काही देय नाही. यामागे कंपन्यांमधला ‘नॉक फॉर नॉक’ करार आहे, म्हणजे ज्यानं त्यानं आपापल्या गिऱ्हाइकाची गाडी दुरुस्त करून द्यायची, एकमेकांकडे वसुली मागायची नाही. दुरुस्तीच्या बिलापुरती ही व्यवस्था ठीक आहे, तिच्यामुळे गाड्या लवकर सुटतात. पण त्या करारात बाई कधीच नव्हत्या. जे नुकसान त्यांच्या कंपनीनं भरलंच नाही, ते दोन कंपन्यांनी आपसात कसं मिटवलं? एकच पैसा दोनदा मागू नये हे बरोबरच आहे. हा पैसा मात्र एकदाही मिळालेला नाही.

ग्राहक आयोगाकडे जावं म्हटलं तर बाई टेम्पोच्या विमा कंपनीच्या ग्राहकच नाहीत. उरलं न्यायाधिकरण. वकिलांनी सांगितलं की दावा होतो, पण एफआयआर, पंचनामा, तज्ज्ञाची साक्ष, तारखा हे सगळं ऐंशी हजारांसाठी करायचं का ते ठरवा. शाळा सोडून तारखांना कोण जाणार? कलम १६६ मधली, अपघातापासून सहा महिन्यांत दावा करायची मुदत १ एप्रिल २०२२ पासून पुन्हा लागू झालीय. गाडीची किंमत उतरलीय हे मालकाला कळतं गाडी विकायला काढल्यावर, तोवर सहा महिने बहुधा उलटून गेलेले असतात. बाईंनी विषय सोडून दिला. हजारो लोक तो सुरूही करत नाहीत, कारण असं काही मागता येतं हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

यानंतर जे होतं ते इर्डाला कदाचित दिसत नसेल, आम्हाला शेडमध्ये रोज दिसतं. म्हणून इथं जरा थांबून सांगतो.

ज्या नुकसानीचे पैसे कुणी देत नाही, ते नुकसान पुढच्या माणसाच्या गळ्यात घातलं जातं. गाडी दुरुस्त होत आली की मालक किंवा मधला एजंट हळूच विचारतो, “बोल्टला रंग मारून द्याल का? सीलर कंपनीसारखा दिसेल असं बघा. काचेवरचं वर्ष जुळतंय ना?” काचेच्या कोपऱ्यात तिच्या उत्पादनाचं वर्ष कोडमध्ये असतं, जाणकार ते बघतात, म्हणून त्याच वर्षाची जुनी काच शोधून आणणारेही आहेत. एअरबॅग उघडली असेल तर नवी न बसवता डॅशबोर्ड चिकटवून, वॉर्निंगचा दिवा बंद करून गाडी विकल्याचे प्रकार या धंद्यात सगळ्यांना माहीत आहेत. हे करणारे सगळे मुळात लबाड असतात असं नाही. ज्याची चूक नव्हती अशा साध्या माणसालाही वाटतं की माझे लाखभर रुपये विनाकारण का जावेत, कुणाला कळलं नाही तर बिघडलं कुठं? मग ती गाडी जिनं घेतली ती मुलगी आपल्या आईवडिलांना घेऊन घाटातून जाते आणि गाडीचा पुढचा मेंबर कधी काळी तापवून सरळ केलेला आहे हे तिला माहीत नसतं. खरं सांगणारा मालक तोटा सोसतो, लपवणारा सुटतो आणि विकत घेणारा फसतो. मूळ चूक करणाऱ्याचा साडेसात लाखांचा विमा या सगळ्यात जागचा हलत नाही.

अपघात झालेल्याला उतरलेल्या किमतीचा पैसा रीतसर मिळाला तर लपवायचं मोठं कारणच संपेल. उलट, अपघाताची नोंद हाच त्याच्या भरपाईचा आधार होईल.

बाहेरच्या देशांत हा प्रश्न नवीन नाही. जर्मनीत अपघातानंतर गाडी पूर्ण आणि व्यवस्थित दुरुस्त झाली तरी बाजारातल्या शंकेमुळे उतरणारी किंमत हे वेगळं नुकसान मानतात, आणि ते चूक करणाऱ्याच्या विमा कंपनीकडून मिळतं. गाडी विकली नाही, स्वतःच वापरत राहिला तरी मिळतं, हे तिथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयानं १९६१ मध्येच ठरवलं. तज्ज्ञ दुरुस्तीच्या अंदाजपत्रकातच हा आकडा लिहून देतो. पण सरसकट सगळ्यांना मिळत नाही, सोळा वर्षांच्या जुन्या गाडीला त्याच न्यायालयानं २००४ मध्ये नकार दिला. ही मर्यादा मला योग्य वाटते.

अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यानं तर आणखी पुढचं पाऊल टाकलं. स्टेट फार्म विरुद्ध मॅब्री या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं २००१ मध्ये सांगितलं की गाडीमालकाच्या स्वतःच्या कंपनीनंही दुरुस्तीबरोबर उतरलेली किंमत तपासून द्यायची, मालकानं वेगळी मागणी केलेली नसली तरी. मात्र त्याच खटल्यातून हिशोबाचं एक सूत्र निघालं आणि ते आपण उचलू नये म्हणून मुद्दाम सांगतो. गाडीच्या किमतीच्या जास्तीत जास्त दहा टक्के धरायचे, मग नुकसान किती गंभीर त्याप्रमाणे शून्य ते एक अशा आकड्यानं गुणायचं, मग गाडी किती चालली त्याप्रमाणे पुन्हा गुणायचं. आठ लाखांची गाडी घ्या. दहा टक्के म्हणजे ऐंशी हजार. मध्यम नुकसान म्हणून निम्मे, चाळीस हजार. चाळीस हजार मैलांच्या वर चाललीय म्हणून त्याचे साठ टक्के, उरले चोवीस हजार. दहा टक्क्यांच्या या मर्यादेला बाजाराचा काहीही आधार नाही, आणि चालल्याबद्दलची घट गाडीच्या किमतीत आधीच झालेली असताना ती दुसऱ्यांदा कापली जाते. हे सूत्र हाच एकमेव मार्ग नाही, असं तिथल्या विमा आयुक्तांना २००८ मध्ये स्पष्ट करावं लागलं. आपल्याकडे सुरुवात करतानाच हा खड्डा टाळता येईल.

आपल्याकडे यासाठी नवा कायदा लागेल असं मला वाटत नाही. एक स्पष्ट परिपत्रक काढा, की थर्ड पार्टीच्या मालमत्तेच्या नुकसानीत दुरुस्तीनंतर उतरलेली बाजारभावाची रक्कम येते, आणि मालकाच्या कंपनीनं दुरुस्तीचं बिल भरलं एवढ्याच कारणानं ही मागणी फेटाळता येणार नाही. कलम १४९ प्रमाणे अपघाताची माहिती मिळताच कंपनीनं दावे मिटवायला अधिकारी नेमायचा आणि तीस दिवसांत तडजोडीचा प्रस्ताव द्यायचा, अशी वाट कायद्यानं करून ठेवलेलीच आहे. माणसांच्या दाव्यांना ती जेवढी हवी तेवढीच या लहान दाव्यांनाही हवी, कारण पन्नास-ऐंशी हजारांसाठी कुणाला कोर्टाची पायरी चढावी लागू नये.

हिशोबाचं काम सर्व्हेअरकडे द्या. तो तसाही गाडी उघडलेली असताना बघतो, फोटो काढतो, कुठला पार्ट बदलला आणि कुठला ठोकून घेतला ते लिहितो. त्याच्या अहवालात आणखी दोन गोष्टी याव्यात: बॉडीच्या मूळ सांगाड्याला, म्हणजे पिलर, मेंबर, एप्रन, फ्लोअर, क्वार्टर यांना, हात लागला का, आणि अपघाताआधीचा व दुरुस्तीनंतरचा बाजारभाव किती. यासाठी आयडीव्ही, म्हणजे पॉलिसीवर छापलेली गाडीची विमा किंमत, वापरू नका. आयडीव्ही हा शोरूमच्या किमतीतून वर्षाला ठरलेले टक्के वजा करून काढलेला आकडा आहे, दुसऱ्या वर्षाला वीस, तिसऱ्याला तीस असा. तो बाजार सांगत नाही. जुन्या गाड्यांचे प्रत्यक्ष व्यवहार आता मोठ्या प्रमाणावर ऑनलाइन होतात, त्यातून भाव काढणं अवघड राहिलेलं नाही.

बंपर खरचटला, दिवा फुटला, दरवाज्याला पोचा आला यासाठी कुणी पैसे मागू नयेत. बोल्टनं बसणारे पार्ट बदलले तर किंमत फारशी उतरत नाही, हे मी वर्कशॉपवाला असून सांगतो. सांगाड्याला लागलंय किंवा एअरबॅग उघडलीय, आणि गाडी सात-आठ वर्षांच्या आतली आहे, अशांपुरतंच हे ठेवा. खोट्या दाव्यांची भीती असेल तर ही अटच त्यातले बरेच गाळून टाकेल, कारण कापलेला क्वार्टर खोटा दाखवता येत नाही.

प्रीमियम वाढेल असं कंपन्या म्हणतील. थोडा वाढूही शकेल. हजार ते पंधराशे सीसीच्या खासगी गाडीचा थर्ड पार्टीचा वार्षिक दर २०२२ च्या अधिसूचनेनुसार ३,४१६ रुपये आहे, आणि त्यात साडेसात लाखांच्या मालमत्तेच्या जबाबदारीचा पैसा लोक आधीच भरतायत. माझ्या इतक्या वर्षांच्या व्यवहारात एका मोटारीच्या नुकसानीसाठी दुसऱ्या मोटारीच्या थर्ड पार्टीतून पैसे आल्याचं क्वचितच पाहिलंय. दर वाढवायचाच असेल तर आधी या भागातून आजवर किती दिलं ते कंपन्यांकडून मागवून लोकांसमोर ठेवा.

ज्याची स्वतःचीच चूक आहे, किंवा गाडी झाडावर गेली, रानडुक्कर आडवं आलं, त्यांच्यासाठी ओन डॅमेजमध्ये ॲड-ऑन, म्हणजे जादा पैसे देऊन घ्यायचं जादा संरक्षण, येऊ शकतो. झीरो डेप आहे, रिटर्न टू इन्व्हॉइस आहे, इंजिन प्रोटेक्ट आहे. जुलै २०२२ मध्ये आपण गाडी किती आणि कशी चालवली त्यावर प्रीमियम ठरवणाऱ्या योजनांना परवानगी दिलीत. मग उतरलेल्या किमतीचा ॲड-ऑन का नको? ज्याला हवा तो पैसे देऊन घेईल.

आणि नोंदीचं बघा. प्रत्येक क्लेमची माहिती कंपन्यांकडे असते आणि इन्शुरन्स इन्फर्मेशन ब्युरोकडे विम्याचा डेटा जमतो. जुनी गाडी घेणाऱ्याला मालकाच्या संमतीनं, थोडी फी घेऊन, त्या गाडीच्या मोठ्या दाव्यांचा इतिहास बघता आला पाहिजे. मालकाचं नाव-गाव नको. तारीख आणि सांगाड्याला लागलं होतं का, एवढं पुरे. पण आधी भरपाई आणि मग नोंद, हा क्रम पाळा. नुसती नोंद उघडी केली आणि भरपाई दिली नाही, तर ज्याची चूक नव्हती त्याच्यावर शिक्काही बसेल आणि तोटाही त्याचाच राहील.

आपण यावर समिती नेमलीत तर तिच्यात कंपन्या आणि सर्व्हेअर यांच्याबरोबर जुन्या गाड्यांचे व्यापारी, आमच्यासारखे वर्कशॉपवाले आणि क्लेम घेतलेले दोन-चार गाडीमालकही असू द्या. सदस्यांना कापलेला क्वार्टर, बदललेला एप्रन, हातानं मारलेला सीलर प्रत्यक्ष बघायचा असेल तर कामाच्या कुठल्याही दिवशी उद्यमनगरात या. एखादी तरी उघडलेली गाडी शेडमध्ये असतेच. तिची फाइल, सर्व्हेअरचा अहवाल आणि विकायला काढल्यावर आलेले भाव, मालकाची परवानगी घेऊन मी टेबलावर ठेवीन.

आपला नम्र,
एक बॉडी शॉप चालक,
उद्यमनगर, कोल्हापूर